स्टुडिओतली तलवार

भाड्याने खोली देण्याआधी घरमालक काय काय विचारतात ते बदलीच्या नोकरीमुळे मला पाठ झालं आहे. लग्न झालंय का, मटण शिजवता का, पाहुणे फार येतात का, आणि मग आडून आडून आडनाव. अकोल्याच्या आमच्या सरांनी यातलं एकही विचारलं नाही. ते अंगणात खुर्ची टाकून तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "तुमचा फोटो काढला, असा पुरा, उभा, तं हातात काय धरसान?"

मी गोंधळून म्हटलं, "पर्स."

"खरं बोलल्या. वरची खोली तुमची."

खोली मिळाल्याच्या आनंदात माणूस तऱ्हेवाईक आहे हे माझ्या लक्षात आलं नाही. ते दुसऱ्या दिवशी सरांच्या पत्नीने, काकूंनी सांगितलं. "तुमाले पन विचारलं का हातात काय धरसान म्हनून?" त्या हसत म्हणाल्या. "दूधवाल्याले विचारलं, डॉक्टरले विचारलं. माह्या बहिनीच्या नवऱ्यानं मोबाईल म्हटलं, तं त्याच्याशी सहा महिने बोलले नाई."

सर इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. उभी हयात अमरावतीच्या एका कॉलेजात गेली. काकू अकोल्याला नर्स होत्या आणि घरही त्यांनीच बांधलेलं, म्हणून निवृत्तीनंतर सर इकडे आले. "घर बायकोचं हाय, मी पन भाडेकरूच," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "माहं भाडं म्हंजे सकायचे भांडे." आणि खरंच रोज सकाळी नळाखाली बसून ते भांडी घासत, इतकी मन लावून की काकू नंतर ती गुपचूप पुन्हा विसळून घेत.

कॉलेजात त्यांनी काय शिकवलं कोण जाणे, पण आयुष्यभर अभ्यास केला तो एकाच गोष्टीचा. जुन्या चित्रांत आणि फोटोंत माणसांच्या हाती जी शस्त्रं असतात, त्यांचा. कोणाच्याही घरी गेले की आधी भिंतीकडे जायचे. चहा येवो, पोहे येवोत, भिंत पाहून झाल्याशिवाय टेकायचे नाहीत. आणि पाहायची रीत अशी की घरच्यांच्या अंगावर काटा यावा. हात लांब करून ते फोटोतल्या माणसाच्या तोंडावर आपला पंजा ठेवायचे. कोणाचे आजोबा, कोणाचे पणजोबा, हार घातलेले, गंध लावलेले, त्यांचं तोंड सरांच्या पंजाखाली. "चेहरा मधात येते," ते शांतपणे सांगत. "चेहरा काई सांगत नाई. हात सांगते."

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. जुन्या दरबारी चित्रात राजा फूल हुंगत असतो आणि तलवार म्यानासकट कुशीत पडलेली असते. "ज्याले खरंच लढा लागते, थ्याच्या हातात चित्रकार फूल देते. तलवार तं रोजची हाय, तिचं काय कवतुक?" मग साहेबाचं राज्य आलं. तैलचित्रं आली. संस्थानिक खुर्चीत बसले, दोन गुडघ्यांच्या मध्ये तलवार उभी, टोक गालिच्यावर, मुठीवर दोन्ही हात. "गोऱ्यायनं लढाई काढून घेतली न तलवार ठेवू देली. म्हाताऱ्याच्या काठीसारखी धरून बसले बिचारे." पुढे कॅलेंडरं आली, घोडे मागच्या पायांवर उभे राहिले आणि तलवारी पहिल्यांदाच म्यानाबाहेर पडल्या. "पाहा बाई, कोनीच लढत नाई ना, तवा चित्रातली तलवार उघडी होते."

आजच्या काळाबद्दल तर त्यांच्या जिभेला हाड नव्हतं. नवरदेवाच्या हातातली कट्यार पाहिली की म्हणायचे, "शस्त्राच्या टोकाले लिंबू लावलं का थे शस्त्र नाई, सरबताचं सामान झालं." चौकात वाढदिवसाचे फ्लेक्स लागत, गॉगल घातलेला कोणी दादा दोन्ही हातांनी तलवार उगारून उभा. सर रिक्षा थांबवून तो फ्लेक्स पाहत. एकदा पेपरात बातमी होती की कोणीतरी तलवारीनं केक कापला म्हणून पोलिसांनी उचलून नेलं. ती बातमी सरांनी काकूंना मोठ्यानं वाचून दाखवली आणि म्हणाले, "झालं. तलवारीची आखरी लढाई मलईसंग झाली."

त्यांचे स्वतःचे फोटो मात्र पाहण्यासारखे होते. एकातही हात दिसत नाहीत. निरोप समारंभाच्या फोटोत हात पाठीमागे, सहलीच्या फोटोत खिशात. लग्नाच्या फोटोत हाराच्या आड कुठेतरी गेलेले. काकू म्हणायच्या, "लोक समजतात मी लुळ्यासंग लगन केलं."

मी राहायला गेले त्या वर्षी सरांच्या गावी, मूर्तिजापूरजवळ, एक वाचनालय बांधून होत आलं होतं. विहाराला लागून जो जमिनीचा तुकडा होता तो सरांच्या वडिलांनी मरण्याआधी गावच्या पोरांच्या शिक्षणासाठी म्हणून देऊन टाकला होता. बरीच वर्षं तिथे नुसती बाभूळ होती. आता गावातली नोकरीला लागलेली मंडळी एकत्र आली, खोली उभी राहिली, गाव ज्यांना आबा म्हणायचं त्या वडिलांचं नाव द्यायचं ठरलं. आत त्यांचं मोठं चित्र लावायचं होतं. वडिलांचा उभ्या जन्मात काढलेला फोटो एकच, आणि तो सरांकडे. गावाकडून फोनवर फोन यायचे. सर म्हणायचे, "पाहू." काकू मला जिन्यात गाठून सांगायच्या, "तुमी तरी समजवा. तेवढा एक फोटो देऊन टाका म्हना." सर भलत्यांच्या आजोबांच्या भिंती धुंडाळत हिंडत होते आणि आपल्या बापाला भिंतीवर चढू देत नव्हते. मला हा विक्षिप्तपणाच वाटला.

त्याच हिवाळ्यात मोर्शीकडे माझ्या मैत्रिणीच्या दिराचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं. तिच्या सासरी संत्र्याचे मोठे बगीचे आणि बैठकीत जुने फोटो आहेत, असं मी बोलता बोलता बोलून गेले. सर दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून तयार. आमंत्रण नव्हतं, पण ते त्यांच्या गावीही नव्हतं.

पाहुण्यांनी भरलेली बैठक. समोरच्या भिंतीवर मैत्रिणीच्या सासऱ्यांचे आजोबा, फेटा, कोट, हातात तलवार, मागे पडद्यावर रंगवलेला महाल आणि तळं. सर सरळ गेले आणि भरल्या बैठकीत आजोबांच्या तोंडावर पंजा ठेवला. सरांनी पंजा काढला, पुन्हा ठेवला, मुठीजवळ नाक नेलं.

"ही तलवार मी वळखतो," ते म्हणाले.

सासरे खूश झाले. "वळखसानच! आमच्या घराण्यातली हाय. मुठीवरची चकती पाहा, तुटेल हाय ना? लढाईत तुटली म्हनतात."

"तुमच्या आज्याची सासुरवाडी मूर्तिजापूरकडची का?"

"हो. तुमाले कसं मायीत?"

"मूर्तिजापूरले टेसनाजवळ एक फोटो स्टुडिओ होता. थ्या स्टुडिओची हाय ही. एकच होती थ्याच्याजवळ. आमच्या भागात ज्याच्या भिंतीवर तलवार हाय, ही चकती पाहाची. तुमच्या आज्यानं सासुरवाडीले गेल्यावर फोटो काढला असन."

मैत्रिणीची सासू पदराआड हसली. सासरे हसले नाहीत. पंगतीत आम्हाला बसवलं, पण पहिल्या वाढपानंतर आमच्या पानांकडे कोणी फिरकलं नाही. मैत्रीण आजही तो विषय काढते. मला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि परतीच्या एसटीत सर चक्क गुणगुणत होते.

"सर, काय मिळालं तुम्हाला? त्यांच्याच घरी जाऊन त्यांच्याच आजोबांना खोटं पाडलं."

"खोटं कुठी पाडलं?" ते खरोखर चकित झाले. "घरी चाला, दाखवतो."

घरी आल्यावर त्यांनी पहिल्यांदा मला आतल्या खोलीत नेलं. कपाटाच्या आतल्या अंगाला, कपड्यांच्या मागे, चौकटीतला एक लहान फोटो टांगलेला होता. तोच पडदा, तोच महाल, तेच तळं. अंगापेक्षा मोठा कोट घातलेला एक काटक माणूस, अनवाणी, डोळे वटारलेले. हातात तलवार, आणि मुठीवरच्या चकतीचा तोच तुकडा उडालेला.

"माहा बाप," सर म्हणाले.

मग पलंगाच्या कडेवर बसून त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्याच बोलीत देते, कारण माझ्या भाषेत ते नीट येत नाही.

"माह्या बापाकडे गावकी होती. म्हंजे गावाची हलकी कामं. कोनाच्या घरी मयत झाली तं दहा गावं निरोप द्याचा, पाटलाच्या दारात उभं राहाचं, हाक मारली का पयाचं. आन् हातात काठी. काठी पाह्यली का लोकायले समजे कोन येऊन राह्यला, न लोक बाजूले सरकत. मानासाठी नाई, इटाळ नको म्हनून. मंग नागपूरले दीक्षा झाली. बाप दीक्षा घेऊन आला, थे काठी नेऊन पाटलाच्या ओट्यावर ठेवली, म्हने आजपासून ही माही नाई. आन् मंग त्याच्या मनात आलं का आपला एक फोटो पायजे. माहीत नाई कावून. कोट मांगून आनला न पायी पायी मूर्तिजापूरले गेला. फोटोवाल्यानं विचारलं, कुठला, कोन. बापानं सांगतलं. फोटोवाला कोपऱ्यात गेला न काठी आनून हातात देली. त्याच्या मनात काई वाईट नसन. त्याले वाटलं, ह्या मानसाले काठीच शोभते. बाप म्हने, काठी नाई. मोठ्या लोकायले देता ना, थे द्या. फोटोवाला म्हने, थे जड हाय, तुले पेलनार नाई. बाप म्हने, म्या काय काय पेललं थे तुले मायीत हाय का?"

सरांनी फोटो पुन्हा कपड्यांमागे सारला.

"मी लोकायच्या भिंतीवर काय पाहतो, बाई? माह्या बापाची तलवार आनखी कोनाकोनाच्या हातात होती थे पाहतो. थ्या मोर्शीच्या आज्यानं धरली, दर्यापूरच्या देशमुखानं धरली, न माह्या बापानं बी धरली. एकच तलवार. त्यायच्या हातात थे शोभेची होती. माह्या बापाच्या हातात थे काठी नव्हती, एवढंच तिचं काम होतं."

मी खाली मान घालून उभी राहिले. तोपर्यंत या माणसाच्या छंदाला मी मनातल्या मनात हसत आले होते. त्या संध्याकाळी मला तो माणूस फार आवडला, हे सांगून टाकते.

शेवटी सरांनी फोटो दिला. गावाकडून वाचनालयाचा सचिव स्वतः न्यायला आला. हा तरुण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, आणि कॉलेजात सरांचाच विद्यार्थी. त्याने सरांकडून तलवारीची गोष्ट ऐकली, फोटो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला, आणि महिन्याभराने चित्राचा कच्चा नमुना घेऊन परत आला. अमरावतीच्या चित्रकाराने काम झकास केलं होतं. कोट अंगाबरोबर बसवला होता, पायात चपला आल्या होत्या, डोळे निवळले होते. आणि हातात तलवारीऐवजी निळ्या पुठ्ठ्याचं जाडजूड पुस्तक होतं.

सरांचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला. "तलवार कुठी गेली?"

"सर, विहाराच्या बाजूले वाचनालय हाय. तथागताच्या शेजारी शस्त्र कसं लावाचं?"

"मंग पुस्तक कोनाचं आनलं? थ्याले वाचता येत नव्हतं. सही बी येत नव्हती, अंगठा देत होता. तलवार खोटी होती, मान्य. पन थे खोटं त्यानं सोता निवडलं होतं. तुमचं खोटं थ्याच्या हातात देनारे तुमी कोन?"

वाद चिघळू नये म्हणून मी मध्ये तोंड घातलं. म्हटलं, दोन्ही नको, हात मोकळाच ठेवा.

सर माझ्यावर उखडले. "मोकळा म्हंजे कसा? मूठ ठेवली तं मोर्चा होते. पंजा उघडला तं आशीर्वाद होते. माहा बाप कोनाले आशीर्वाद देत नव्हता, शिव्या देत होता."

सचिव हसला नाही. तो नमुन्याची गुंडाळी करत शांतपणे बोलला. "सर, तुमाले आबाची तलवार म्हंजे काय थे मायीत हाय. मले बी आता मायीत झालं. पन रोज वाचनालयात येनार थे पोट्टे. त्यायनं तलवार कुठी पाह्यली? मिरवनुकीत, फ्लेक्सवर, रील्समध्ये. मागच्या साली आपल्याच गावातला एक पोट्टा हातात तलवार घेऊन फोटो टाकला म्हनून आत गेला. उद्या थे म्हनतीन, पाहा, आबानं बी धरली होती. तुमी आमाले वर्गात काय शिकवलं? चित्रातल्या शस्त्राचा अर्थ धरनारा ठरवत नाई, पाहनारा ठरवते. हे तुमचंच वाक्य हाय सर. म्या परीक्षेत लिवलं होतं."

स्वतःचं वाक्य असं दारात येऊन उभं राहिलेलं मी दुसऱ्या कोणाच्या बाबतीत पाहिलेलं नाही. काकूंनी चहा आणला, तो निवला. मला त्या घटकेला त्यांचं फार वाईट वाटलं. सचिवाचं चुकत नव्हतं आणि सरांचंही चुकत नव्हतं, आणि भिंतीवर चित्र एकच लागणार होतं.

मग ते म्हणाले, "किती मार्क देले होते म्या?"

"बरे देले होते सर."

"बरोबर देले." त्यांनी निवलेला चहा एका घोटात संपवला. "ठीक हाय. पुस्तक राहू द्या. शंभर वर्षांनी कोनी यीन न माह्या बापाच्या तोंडावर पंजा ठेवीन, न म्हनीन, हा मानूस इद्वान होता. तसं होऊ द्याचं नाई. खाली एक पाटी लागन. पाटीवर काय लिवाचं थे मी लिवीन. त्यात एक अक्षर कोनी बदलाचं नाई."

सचिव कबूल झाला. पण मजकूर हाती आल्यावर समितीत पुन्हा धुसफूस झाली. आबांचा अपमान होतो, बाहेरगावचे लोक हसतील, असं काही जणांचं म्हणणं पडलं. सचिवानेही फोन केला. "सर, असं कावून लिवता? निदान मधलं एक वाक्य काढा." सर म्हणाले, "तुमी पुस्तक ठेवलं, म्या काई म्हटलं? आता माही पाटी." आणि फोन ठेवून दिला. पाटीवर काय आहे हे ते ना काकूंना सांगत, ना मला.

उद्घाटनाला मी अमरावतीहून गेले. तोवर माझी बदली झाली होती. खोलीला निळा रंग, रॅकवर नवीकोरी पुस्तकं, दारात रांगोळी. बाया पांढऱ्या लुगड्यांत पुढे बसल्या होत्या. त्यांच्यात सरांची आत्या, वडिलांची सगळ्यात धाकटी बहीण, नव्वदीला टेकलेली, खुर्चीत मुटकुळं करून बसलेली. वंदना झाली, भाषणं झाली, पडदा सरकला. टाळ्या पडल्या. निळं पुस्तक हातात घेतलेला सज्जन, चपला घातलेला माणूस सगळ्यांकडे पाहत होता. आत्याने डोळ्यांवर हात धरून बराच वेळ पाहिलं.

"दादाच हाय," ती म्हणाली. "पन काय चांगला दिसून राह्यला." मग तिला चौकटीखालची पांढरी पाटी दिसली. "आन् हे खाली काय लिवलं रे, बापू?"

सरांना या नावानं हाक मारणारं आता ते एकच माणूस उरलं होतं. ते तिच्या खुर्चीजवळ गेले, आणि वर्गात वाचावं तसं स्वच्छ, मोठ्या आवाजात वाचू लागले. माझ्या शेजारी सचिव उभा होता, अवघडून.

"यांच्या हातातले पुस्तक चित्रकाराचे आहे. मूळ फोटोत तलवार होती, ती स्टुडिओची होती. यांना वाचता येत नव्हते."

आणि तिथे त्यांचा आवाज गेला. ओळ अजून एक बाकी होती. आत्या त्यांच्या तोंडाकडे पाहत वाट बघत होती, सगळ्या बाया बघत होत्या. सचिव पुढे झाला, सरांच्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि ज्या पाटीला त्याने विरोध केला होता तिची शेवटची ओळ त्याने मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल अशी वाचली.

"म्हणून हे वाचनालय."